बाबा, तुम्ही पिक्चर बघत नाही, तपासता

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ पन्नाशीतले, लहानपणापासून सायन्स फिक्शनचे वेडे. स्वतःला जुन्या वळणाचा माणूस म्हणवतात, कुटुंब, कर्तव्य, शिस्त या गोष्टी मानतात आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. तीन जुन्या मित्रांना ते दर आठवड्याला भेटतात, पूर्वी पिक्चरवर तासन्‌तास मस्त गप्पा व्हायच्या, आता फक्त 'सगळं बिघडलं' एवढाच विषय उरलाय. त्यांचं म्हणणं, हल्ली प्रत्येक पिक्चर उपदेशाचे डोस पाजतो. ऑफिसात हे बोललं की लोक बुरसटलेला म्हणून मोकळे होतात. कॉलेजात जाणारी मुलगी, जी आधी प्रत्येक अंतराळातला पिक्चर यांच्याच शेजारी बसून बघायची, ती परवा म्हणाली, "बाबा, तुम्ही पिक्चर बघत नाही, तपासता." आता ती आपल्या खोलीत एकटी बघते. चिडचिड पिक्चरपुरती राहिली नाही, टीव्ही, ॲप, स्पीकरवर बोलणारे लोक, सगळ्याचाच राग येतो. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की ज्या पिक्चरना आम्ही शिव्या देतो त्यातले निम्मे आम्ही बघितलेलेच नसतात. प्रश्न असा, की ताई, मी गप्प बसू, पिक्चर सोडू, की मित्रांना सोडू?

नमस्कार,

ताई म्हणालात, चालेल, वयाने मी तुमच्या मागेपुढेच असेन. पत्र वाचताना मी मोठ्याने हसले, तुम्हाला नाही, तुमच्या त्या वाक्याला, की हल्लीच्या पिक्चरमध्ये बाप दिसला की समजायचं हा एकतर येडा निघणार नाहीतर पहिल्या वीस मिनिटांत मरणार. खरंय हो! मलाही हे खटकतं आणि मी काही तुमच्याइतकी जुन्या वळणाची नाही.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. गप्प बसू नका, पिक्चर सोडू नका, मित्रांना तर अजिबात सोडू नका. माणसाला आवडीनिवडी असतात, त्यामागे काही धारणा असतात आणि त्या जुन्या वळणाच्या असल्या म्हणून त्या मांडायला परवानगी लागत नाही. पण तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरून चाललाय, त्या मला जरा हलवून बघायच्यात, कारण माझ्या मते दुखणं तुम्ही सांगताय तिथे नाहीये.

पहिलं म्हणजे, पूर्वीची सायन्स फिक्शन फक्त गोष्ट सांगायची आणि उपदेश हल्ली घुसलाय, हे. अहो, 1951 चा तो 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' आठवा. अख्ख्या पिक्चरच्या शेवटी तो परग्रहवासी यानापाशी उभा राहून जमलेल्या सगळ्या शास्त्रज्ञांना भाषण देतो, भांडणं थांबवा नाहीतर तुमची राख होईल, आणि निघून जातो. उपदेशच तो, दुसरं काय. 'स्टार ट्रेक'चा जानेवारी 1969 मधला एक भाग आहे, त्यात दोन माणसं, एकाचा चेहरा उजवीकडे काळा डावीकडे पांढरा, दुसऱ्याचा बरोब्बर उलट, आणि एवढ्यावरून दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले, शेवटी कळतं की त्यांचा ग्रह याच भांडणापायी आधीच मरून पडलाय. वर्णद्वेषावर यापेक्षा ठळक, यापेक्षा डोक्यात हातोडा घालणारी गोष्ट आजही कोणी लिहिणार नाही. तुम्हीच पत्रात 'स्टार ट्रेक'ला 'निर्मळ साहस' म्हटलंय. तेव्हा टोचलं नाही ना? मग आता का टोचतं, यावर जरा थांबू.

त्याआधी एक मजा सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की कुरकुर करणाऱ्यांची तुमची परंपरा किती थोर आहे. 1927 साली 'मेट्रोपोलिस' आला, मूकपट, वर श्रीमंत खाली कामगार असं भविष्यातलं शहर, आणि शेवटी पाटी झळकते की डोकं आणि हात यांच्यातला मध्यस्थ हृदयच असलं पाहिजे. हे बघून कोण भडकलं असेल? खुद्द एच. जी. वेल्स, 'टाइम मशीन' लिहिणारा. त्याने त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लांबलचक लेख लिहून हा सगळ्यात मूर्ख पिक्चर आहे असं जाहीर केलं, यंत्रं चूक, अर्थशास्त्र चूक, सगळंच चूक. आणि मग याच महाशयांनी स्वतःची पटकथा लिहिली, 1936 चा 'थिंग्ज टु कम', आणि त्यात काय आहे? भाषणं. भाषणांवर भाषणं. शेवटचा सीन तर चक्क आकाशाकडे बघत दिलेलं भाषण आहे. म्हणजे दुसऱ्याचा उपदेश तो उपदेश आणि आपला तो विचार, हे वेल्सला चुकलं नाही तर तुम्हाआम्हाला कुठून चुकणार.

तर, तेव्हा का टोचलं नाही. एक कारण साधं आहे, तुम्ही तेव्हा शाळकरी पोर होता आणि ते यान बघून तुमचे डोळे विस्फारलेले होते, ज्या भांडणावर तो पिक्चर बोलत होता ते भांडण तुमच्या घरातलं नव्हतं. आज मात्र पिक्चर ज्या वादावर बोलतो तो वाद ऑफिसात, घरात, फोनवर रोज तुमच्या कानाशी चालू असतो आणि तुम्ही त्यात एका बाजूला उभे आहात. उपदेशाचं प्रमाण वाढलं असेलही, पण तुमच्या कानाची धार नक्की वाढलीय.

दुसरं कारण, जुन्यातलं फालतू आपण विसरलोय. थिओडोर स्टर्जन नावाचा सायन्स फिक्शन लेखक होता, त्याला लोक सारखे टोमणे मारायचे की तुमच्या प्रकारात नव्वद टक्के कचरा असतो, तेव्हा 1950 च्या दशकात त्याने उत्तर दिलं की हो असतो, कारण सगळ्याच गोष्टींत नव्वद टक्के कचराच असतो. जुन्या काळातला तो नव्वद टक्के आज कोणी दाखवतच नाही. आणि चांगलं काय हे तेव्हाच्या लोकांनाही लगेच कळायचं असं नाही. तुमच्या लाडक्या यादीतले 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' हे दोन्ही अमेरिकेत एकाच दिवशी लागले, 25 जून 1982, आणि दोन्ही आपटले. समीक्षकांनी 'द थिंग'ची तर सालटी काढली. त्या दिवशी कुठल्यातरी चार मित्रांच्या बैठकीत 'पूर्वीसारखे पिक्चर राहिले नाहीत' हे वाक्य नक्की उच्चारलं गेलं असणार, पैज लावायला तयार आहे.

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमचं सगळंच चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही. उपदेश जुना आहे हे खरं, पण वाईट लिहिलेला उपदेश ही वेगळी तक्रार आहे आणि ती तुम्ही ठणकावून केली पाहिजे. 'एलियन' घ्या, 1979. त्याच्या पटकथेतच नोंद होती की यानावरची कुठलीही भूमिका बाईने किंवा पुरुषाने केली तरी चालेल. म्हणून त्यातली नायिका रिप्ली तशी झाली, ती नियम पाळणारी, डोकं शाबूत ठेवणारी अधिकारी आहे. संसर्ग झालेल्या माणसाला आत घेऊ नका असं ती नियमावर बोट ठेवून सांगते, तिचं कोणी ऐकत नाही आणि मग जे व्हायचं ते होतं. बायका किती कर्तबगार यावर कोणी एक वाक्य बोलत नाही. तुम्हाला रिप्ली आवडते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुमचा राग बाई नायिका असण्यावर नाहीये, गोष्ट थांबवून तिसरंच कोणीतरी माइक हातात घेतं त्यावर आहे. हे तुम्ही ऑफिसात असं नेमकं बोललात तर निम्मे लोक मान डोलावतील. तुम्ही बोलता काय, तर 'हल्लीचे पिक्चर सगळे असलेच'. मग समोरचा तुमच्यावर शिक्का मारून मोकळा होणारच.

पण त्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर मला कळवू नका, स्वतःशीच ठेवा. शेवटचा असा कुठला पिक्चर बघितलात ज्यात तुम्हाला पटणाराच उपदेश होता, कुटुंबच सगळं काही, त्याग, कर्तव्य, वगैरे, आणि तो अगदी ढोबळ, रडवा, जबरदस्तीने गळी उतरवलेला होता? तेव्हा चिडलात का? चिडला असाल तर तुमची तक्रार खरोखर लिखाणाबद्दल आहे. डोळे पुसत बाहेर आला असाल तर ती लिखाणाबद्दल नाहीये, मताबद्दल आहे. मताबद्दल तक्रार असणं गुन्हा नाही, फक्त तिला दर्जाची तक्रार म्हणून खपवू नका, मुलीला ते बरोब्बर कळतं, कॉलेजातली पोरं या बाबतीत फार तिखट असतात.

बघितलेलेच नसतात, हे तुम्ही शेवटी असं लिहिलंय जसं काही ते किरकोळ आहे. मला वाटतं पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे! म्हणजे तुम्ही पिक्चरला शिव्या देत नाही आहात, पिक्चरबद्दलच्या व्हिडिओंना शिव्या देताय. तो एक धंदाच आहे. ट्रेलर आला की चोवीस तासांत 'यांनी आपलं बालपण उद्ध्वस्त केलं' म्हणून लाल बाण काढलेला फोटो लावायचा आणि तासभर आरडाओरडा करायचा. तुम्ही एक बघितला की पुढे दहा हजर होतात. ते व्हिडिओ करणाऱ्याला पिक्चर चांगला निघणं परवडतच नाही. तुमच्या उलट मताच्या लोकांचीही अशीच दुकानं आहेत, ते दर पिक्चरमध्ये काय मागासलेलं आहे ते शोधत बसतात. दोन्हीकडचं ऐकून माणूस थेटरात गेला की तो गोष्ट बघत नाही, यादीवर टिकमार्क करत बसतो.

इथे मला जयंत नारळीकरांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. एवढा मोठा शास्त्रज्ञ, नाव दिसलं असतं तर परीक्षकांनी वेगळ्याच नजरेने वाचलं असतं. जगतापांच्या कथेला बक्षीस मिळालं. मला त्यातलं जे आवडतं ते हे, की नाव झाकल्यावर उरते फक्त गोष्ट. तुम्ही पुढचे काही पिक्चर असे बघा. ट्रेलर नाही, समीक्षा नाही, दिग्दर्शकाने मुलाखतीत काय मुक्ताफळं उधळली ते नाही, कोणाला किती स्टार मिळाले ते नाही. फक्त नाव आणि वेळ. आणि पिक्चर संपल्यावर निदान एक रात्र तरी त्यावरचा व्हिडिओ बघू नका, आधी आपलं काय मत झालंय ते स्वतःला कळू दे. आवडला नाही तर नाही आवडला, निदान तो राग तुमचा स्वतःचा असेल, उसना नसेल.

आणखी एक गृहीत. तुम्ही लिहिता की सायन्स फिक्शन आता तुमच्यासारख्यांची राहिली नाही. अहो, या प्रकाराचा पायाच तुमच्या शंकांवर घातलाय. 1818 चं 'फ्रँकेन्स्टाइन' काय आहे? एक हुशार पोरगा करता येतं म्हणून जीव तयार करतो आणि तो डोळे उघडतो तेव्हा घाबरून पळून जातो, म्हणजे जन्म दिला आणि जबाबदारी टाकली. यापेक्षा जुन्या वळणाची तक्रार असते का? 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' 1932 चं, त्यात बाटल्यांतून मुलं निघतात, कुटुंब नावाची गोष्ट संपलीय, 'आई' हा शब्द उच्चारला तर लोकांना शरम वाटते, आणि सगळे खूश आहेत, हीच त्यातली भीती आहे. वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ', 1959, ही मात्र तुम्ही वाचली नसेल तर हातातलं काम सोडून मिळवा. अणुयुद्धानंतर लोकांनी पुस्तकं जाळलीत, विद्वान मारलेत आणि वाळवंटातल्या मठात साधू मंडळी पिढ्यान्‌पिढ्या वैज्ञानिक कागद हाताने उतरवून जपतायत, त्यांचा अर्थ कळत नसतानाही. शतकंच्या शतकं. आपल्याला न कळणारी गोष्ट पुढच्या कोणासाठी तरी सांभाळून ठेवायची, हा विचार तुमच्या चौघांच्या बैठकीत एक अख्खी संध्याकाळ पुरेल. तिला 1961 चा ह्यूगो पुरस्कारही मिळालाय, म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांनीच डोक्यावर घेतलेली आहे.

आणि मजा अशी की चांगली गोष्ट कोणाच्याच खिशात मावत नाही. 1956 चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' बघा, गावातली माणसं एकेक करून बदलतायत, चेहरा तोच पण आतला माणूस गेला. काहींनी म्हटलं हा कम्युनिझमवर आहे, काहींनी म्हटलं हा कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्यांवर आहे. दोन्ही बाजूंना तो आपला वाटला आणि दोघांनाही तितकीच भीती वाटली. तुमच्या मुलीबरोबर बघायला हा उत्तम आहे, कारण तुम्ही दोघं नक्की वेगवेगळं बघाल.

रोजच्या चिडचिडीबद्दल. तुम्ही लिहिलंय की आता विकत घेतलेली वस्तूही दर महिन्याला पैसे मागते आणि हे बोललं की मुलगी म्हणते बाबा, जमाना बदलला. तिला सांगा की फिलिप डिकच्या 'यूबिक' या कादंबरीत, 1969, नायकाच्या घराचं दार नाणं टाकल्याशिवाय उघडत नाही, तो म्हणतो ही तर बक्षिसी आहे, दार म्हणतं नाही, करारात लिहिलंय, आणि तो स्क्रू काढायला लागतो तर दार त्याला कोर्टात खेचायची धमकी देतं. तुमची तक्रार म्हातारपणाची नाही, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या भविष्यवेत्त्यांची आहे. मात्र तो डिक त्यावर विनोद करतो, म्हणून ते आजही वाचावंसं वाटतं. तुमच्या बैठकीत हल्ली हसू कमी आणि दात-ओठ खाणं जास्त असं तुमच्याच पत्रावरून दिसतंय. तीच कुरकुर, पण हसवता आली तर मुलगीसुद्धा येऊन बसेल.

काही तक्रारी तर निव्वळ रिमोटने सुटणाऱ्या आहेत, त्यांना संस्कृतीच्या ऱ्हासात कशाला ढकलायचं. संवाद ऐकू येत नाहीत, ही पुष्कळांची तक्रार आहे, तुमचे कान गेलेले नाहीत (गेले असतील तर तपासून घ्या, चिडण्यापेक्षा स्वस्त पडतं). पिक्चरचा आवाज थेटरातल्या ढीगभर स्पीकरसाठी बसवलेला असतो, घरी तो टीव्हीच्या पाठीमागे नाहीतर खाली तोंड केलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरमधून येतो, मग स्फोटाने घर हादरतं आणि कुजबुज गायब. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा किंवा रात्रीचा मोड असतो तो लावा, दोनच स्पीकर असतील तर पाच-चॅनलचा ट्रॅक न घेता स्टीरिओ घ्या, आणि सबटायटल लावायला लाजू नका. नवे पिक्चर 'टीव्ही सिरियलसारखे गुळगुळीत' दिसतात म्हणालात, तो पिक्चरचा दोष नाहीच, टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम तयार करून घुसडतो. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, तो तसाच बघायचा असतो. मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नावाचं काहीतरी सेटिंगमध्ये सापडेल, ते बंद करा. अंधारे सीन दिसत नाहीत तर पडदे ओढा आणि टीव्हीचा आपोआप वीज वाचवणारा मोड काढा. एवढं केलंत की तुमच्या यादीतल्या तीन तक्रारी तर आजच गेल्या.

एका तक्रारीवर मात्र मी तुमच्या पूर्ण बाजूने आहे, ती म्हणजे जुने पिक्चर मागाहून बदलणं. 1988 मध्ये 'स्टार वॉर्स'वाला जॉर्ज लुकास अमेरिकन संसदेपुढे जाऊन सांगून आला की जुन्या चित्रपटांत फेरफार करणं म्हणजे सांस्कृतिक वारशाची नासधूस, आणि त्यानेच 1997 मध्ये 'स्टार वॉर्स' पुन्हा थेटरात लावताना त्यात नवे सीन टाकले, एका सीनमध्ये गोळी आधी कोणी झाडली तेसुद्धा बदललं. यावर चाहते अजून भांडतायत आणि भांडायलाच पाहिजे. जपणूक हा विषय तुमच्या हाडामासाचा आहे, तर त्यावर काहीतरी करा. आवडत्या पिक्चरच्या डिस्क घेऊन ठेवा, स्ट्रीमिंगवरचा पिक्चर उद्या असेलच याची खात्री नसते. नव्यावर बोटं मोडण्यापेक्षा जुनं नीट सांभाळणारा माणूस होणं तुम्हाला जास्त शोभेल आणि मुलीलाही उद्या ते कपाट उपयोगी पडेल.

आता मुलगी. खरं सांगायचं तर हे पत्र तिच्यासाठीच आहे, बाकी सगळं निमित्त. ती तुमच्या मतांवर रागावलेली नाही हो. ती एखादा पिक्चर बघताना घाबरते, हसते, तिला काहीतरी वाटत असतं आणि त्याच वेळी शेजारून 'झालं, आला बघ डोस' असं ऐकू येतं. तुम्ही पिक्चरला बोलता पण तिला वाटतं आपल्या आवडण्याला बोलतायत. तर एवढंच करा, पिक्चर चालू असताना एक अक्षर नाही. संपल्यावरही पहिलं बोलायची संधी तिला. आणि 'तुला हे आवडलंच कसं' असं विचारू नका, 'कुठल्या जागी गुंतलीस' असं विचारा आणि उत्तर ऐकताना मनात खंडन तयार करत बसू नका. मग तुमचं म्हणणं सांगा, पूर्ण सांगा, पातळ करून सांगू नका. पिक्चरमध्ये बाप येडा दाखवतात यावरचा तुमचा राग तिला कळेल, उलट तिलाच दोन उदाहरणं आठवतील. वादही होऊ द्या. पिक्चरवरून बाप-लेक भांडली तर ते चांगलंच लक्षण आहे, एकमेकांना टाळण्यापेक्षा केव्हाही बरं.

सुरुवातीला 'इंटरस्टेलर' लावा, 2014 चा, दोघांनी आधी बघितला असला तरी. त्यात बाप येडाही नाही आणि वीस मिनिटांत मरतही नाही. शाळेत मुलगी चांद्रमोहीम खरी झाली होती म्हणून भांडते आणि बाईंनी तक्रार केल्यावर बाप शिक्षा करायच्या ऐवजी तिला मॅच बघायला नेतो. त्याच पिक्चरमध्ये तो तिला सोडून जातो आणि ती त्याला वर्षानुवर्षं माफ करत नाही. तो जातो ते कर्तव्य की पळ, यावर तुमचं आणि तिचं एकमत होणार नाही असा माझा अंदाज आहे. त्यानंतरचा पिक्चर तिला निवडू द्या आणि तिने काहीही लावलं तरी शेवटपर्यंत बसा. हे पाळणं तुम्हाला जड जाईल हे मला माहितेय.

ऑफिसचं फार मनावर घेऊ नका. तिथे लोकांना जेवताना हलकंफुलकं हवं असतं, सिद्धांत नको असतो. ज्या सहकाऱ्याने तुम्हाला बुरसटलेला म्हटलं त्याला एखादा जुना पिक्चर सुचवा आणि त्याने सुचवलेला एक बघा, एवढ्यावर बरेच शिक्के पुसले जातात. नाही पुसले तर सोडून द्या, प्रत्येकाला आपण आवडलोच पाहिजे असं थोडंच आहे.

आणि मित्र. चौघं इतकी वर्षं टिकलात हीच मोठी गोष्ट आहे, एकमेकांना टोपणनावांनी शिव्या घालत बसायला अशी माणसं पुन्हा मिळत नाहीत. बैठकीला नियम फक्त एकच लावा, न बघितलेल्या पिक्चरवर कोणी तोंड उघडायचं नाही. बघितला असेल तर मनसोक्त सोला, कोणाची काही हरकत नाही. पहिल्या एक-दोन बैठका जरा शांत जातील, बोलायला विषय सापडणार नाही आणि कोणीतरी वैतागून म्हणेल की मग बोलायचं तरी काय. तेव्हा मिलरची कादंबरी पुढे करा. आणि कोणी खरंच नवा पिक्चर बघून आला आणि त्याला तो आवडला असेल तर त्याला बोलू द्या, लगेच तुटून पडू नका, चौघांत एखाद्याला चोरून आवडत असणारच, तुमच्या धाकाने गप्प बसला असेल.